चावी कोणाकडे होती

"घ्या बाई, आता तुमच्याच टेबलाला वाहा. माझी फुलं देवाला चालत नाय म्हनं."

नवसाबाईने झेंडूची अख्खी पाटी उत्तराच्या टेबलावर उपडी केली. फुलं की-बोर्डवर पडली, चहाच्या कपात पडली, घरंगळत पार दारापर्यंत गेली. बाहेर बाकावर नंबरची वाट बघणारी दोन माणसं माना वाकड्या करून आत बघायला लागली. उत्तराने उठून आधी दार लावलं.

"बसा नवसाबाई. काय झालं?"

"बसायला आले नाय मी. एवढंच सांगा, माझं नाव कुनाकुनाला सांगितलं?"

"मी? कोणालाही नाही."

"मग गावाला काय सपान पडलं?"

नवसाबाई मखमलाबादची. घरचा झेंडू, शेवंती तोडायची आणि सकाळी गणेशवाडीच्या फुलबाजारात येऊन बसायची, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम. नवरा भिमाजी टेम्पोवर होता, भाजी घेऊन मुंबईला जायचा. तो दुखणं घेऊन आला आणि दुखण्यासकट गेला, असं गाव समजत होतं. तेच दुखणं नवसाबाईच्याही रक्तात आहे हे कळून वर्ष उलटलं होतं, आणि ते फक्त दोघींना माहीत होतं. एक ती स्वतः आणि दुसरी टेबलापलीकडे उभी असलेली उत्तरा.

आणि आता सगळ्या बाजाराला माहीत झालं होतं. आधी देवळाकडच्या बायकांनी तिची फुलं घेणं सोडलं, मग हारवाल्यांनी. शेजारी बसणाऱ्या मंगलाबाईने आपलं गोणपाट हातभर लांब ओढून घेतलं. घरी सून मनीषाने सासूचं ताट-तांब्या वेगळा काढला. तेही नवसाबाईने गिळलं असतं, पण मनीषा आता लहानग्या साईला घेऊन माहेरी निघाली होती, नांदगावला.

"म्हनती, आत्या, तुमी पोराला मांडीवर घेता, मला भ्या वाटतं. रविवारी जानार हाय. पोरगं गेलं म्हंजी माझ्या घरात ऱ्हायलं काय?"

"नवसाबाई, देवाशपथ सांगते..."

"देवाला मधी घालू नका. तुमी शब्द दिल्ता, या खोलीतलं या खोलीत ऱ्हाईल. त्या शब्दावर मी रगत दिलं. नायतर गुपचूप मेले असते ना, कुनाला काय कळलं असतं?"

एवढं बोलून ती गेली. पाटीसुद्धा उचलली नाही. उत्तरा खुर्चीत बसली.

शब्द दिला होता, ही गोष्ट खरी. पंचवटीतल्या एका धर्मादाय संस्थेचं हे लहानसं रक्ततपासणी केंद्र, आणि ते कसल्या तपासणीचं हे कोणी मोठ्याने बोलत नसे. साल दोन हजार चार. त्या आजाराचं नाव घेतलं की माणसं पदर तोंडाला लावत. इथे येणाऱ्याशी आधी बोलायचं, तपासणीनंतर पुन्हा बोलायचं, धीर द्यायचा, ही उत्तराची नोकरी. बालवाडीतली नोकरी सोडून तिने हे काम धरलं तेव्हा माहेरच्यांनी कपाळाला हात लावला होता. पण बाई कामात मुरली. आल्यागेल्याला पहिलं वाक्य ती हेच म्हणायची, की या खोलीतलं या खोलीत राहील.

ते राहावं म्हणून व्यवस्थाही चोख केलेली. रक्ताच्या बाटलीवर फक्त नंबर. तपासणारा मुलगा नंबर बघणार, डॉक्टर नंबर बघणार. कुठला नंबर कोणाचा, हे एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं. ते ठिकाण म्हणजे उत्तराच्या कॉम्प्युटरमधली एक फाइल, आणि त्या फाइलला कुलूप होतं.

कुलूप बसवलं जयरामने. जयराम नांदगावकडचा, कॉलेज रोडला कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा आणि संस्थेचं काम धर्म म्हणून करायचा. कुलूप बसवायच्या दिवशी तो म्हणाला होता, "मॅडम, पासवर्ड टाका तुमच्या मनाने. मी बघत नाही."

उत्तराने टाकला. जयरामने कसलासा प्रोग्राम लावला आणि म्हणाला, "आता चहा सांगा."

चहा अर्धा झाला नसेल, तोवर पडद्यावर अक्षरं उमटली. "सप्तशृंगी. बरोबर?"

"अगं बाई! तुम्हाला कसं कळलं?"

"मला कुठे कळलं? मशीनला कळलं. अहो, आपल्या जिल्ह्यातले निम्मे पासवर्ड सप्तशृंगी, आणि उरलेले सोनू नाहीतर पिंकी. मी अशा नावांची माळच करून ठेवलीय. मशीन ती एका दमात जपून टाकतं. दुसरा टाका."

उत्तराने डोकं चालवून दुसरा टाकला. तोही गेला.

"रेणुका, आणि पुढे तुमचं जन्मसाल," जयराम गालात हसत म्हणाला. "मॅडम, वय कळलं की तुमचं."

मग मात्र तो सरसावून बसला आणि तिला नीट समजावलं. हे कुलूप कसं केलंय ते साऱ्या जगाला ठाऊक आहे, पुस्तकात छापलंय, कोणीही वाचावं. त्यात काही बिघडत नाही. कुलूप असंच पाहिजे, की ज्याने घडवलं त्यालासुद्धा चावीशिवाय उघडता येऊ नये. सगळा जोर चावीत. चावी आखूड असली, ओळखीची असली, की मशीन एकेक लावून बघतं आणि कुठलीतरी लागतेच. पण चावीत एक अक्षर वाढवलं की चोराचं काम तेवढ्याने वाढत नाही, सव्वीस पटीने वाढतं. आणखी एक वाढवलं की पुन्हा सव्वीस पटीने.

"म्हणून शब्द नको, वाक्य टाका. चांगलं लांबलचक. पुस्तकात नसलेलं, गाण्यात नसलेलं, कोणाला कधी न सांगितलेलं. मग जगातली सगळी मशीनं कामाला लावा, आपल्या नातवंडांची नातवंडं म्हातारी होतील पण फाइल उघडायची नाही."

"कोणाला म्हणजे?"

"कोणाला म्हणजे कोणालाच."

उत्तराने की-बोर्ड पुढे ओढला. मग तिला एक वाक्य सुचलं आणि चाळिशी गाठलेली ती बाई चक्क लाजली. जयरामने तोंड भिंतीकडे फिरवलं. तिने इंग्रजी अक्षरांत ते सबंध वाक्य टाकलं. जयरामने त्याची माळ जपली, मशीनला तासभर राबवलं. काही हाती लागलं नाही.

"वा! आता ही फाइल फ्लॉपीवर उतरवून ती फ्लॉपी रामकुंडावर टाकून आलात तरी हरकत नाही," तो म्हणाला.

आणि घात तिथेच झाला. म्हणजे कुलूप एवढं पक्कं, की फ्लॉपीची काळजीच उरली नाही. दिवसा पंचवटीत वीज जायची. महिन्याचा अहवाल तर वेळेत पाठवायचा. मग उत्तरा फ्लॉपी पर्समध्ये टाकून घरी न्यायची आणि रात्रीचा स्वयंपाक उरकायच्या आधी घरच्या कॉम्प्युटरवर काम पुरं करायची. जयरामनेच तिथे कुलूप उघडायचा प्रोग्राम टाकून दिला होता. कुलूप पक्कं म्हटल्यावर भीती कसली?

नवसाबाई गेल्यावर उत्तराने फुलं गोळा केली, पाटीत भरली आणि तशीच रिक्षाने कॉलेज रोडला गेली. जयरामला तिने वर्गातून बाहेर बोलावलं.

"तुमचं कुलूप फुटलं," ती म्हणाली. "माझ्या एका बाईचं नाव बाहेर गेलं. तिचा संसार मोडायची वेळ आलीय."

जयरामने सगळं ऐकून घेतलं. एरवी फटाफट बोलणारा मुलगा, पण आज तो सावकाश बोलला. "मॅडम, कुलूप फुटलेलं नाही."

"असं कसं म्हणता? मशीनं रोज नवी येतात..."

"येऊ द्या. आणखी शंभर पटीने जोरदार येऊ द्या. तुम्ही टाकलेलं वाक्य केवढं होतं मी पाहिलंय, किती ठिपके पडले ते. ते मशीनने लागणार नाही."

"मग तुम्ही मागे एखादं दार ठेवलं असेल. पासवर्ड विसरला तर उघडायला."

तिला स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटली, पण बोलून गेली. जयरामला ते लागलं. "नाही ठेवलं. ठेवता येतच नाही, म्हणून तर हे कुलूप निवडलं. दुसऱ्या कोणाकडूनही तपासून घ्या." मग तो जरा घुटमळला. "मॅडम, ज्या अर्थी नाव गेलं, त्या अर्थी चावी गेली. ते वाक्य तुमच्याशिवाय कोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही."

"आठवून बघा. कधीतरी, कोणाजवळ तरी बोललेल्या असाल. एकदाच का होईना."

उत्तरा तिथे जिन्यावर उभी राहिली. तिने मनात देवाला विनवलं, कच्चं असू दे रे ते कुलूप. कोणा भुरट्याने फोडलेलं असू दे. पण जयराम एकेक करून सगळ्या वाटा बंद करत गेला होता, आणि ते पोर खोटं बोलणारं नव्हतं. कुलूप जेवढं पक्कं, तेवढी खात्री पक्की. ते वाक्य जगात दोनच माणसांच्या कानावर पडलं होतं. बोलली ती, आणि ऐकलं तिच्या नवऱ्याने.

वाक्य म्हणजे एक उखाणा होता. लग्नानंतर दोघं देवीच्या दर्शनाला वणीच्या गडावर गेली होती. नवी चप्पल तिला चावली, टाचेतून रक्त आलं, तेव्हा गोविंदने ती काढायला लावली आणि चार माणसांत खुशाल हातात धरून पायऱ्या चढला. पुजाऱ्यांच्या घरातला मुलगा, आणि बायकोच्या चपला हातात! घरी कळलं असतं तर त्याच्या थोरल्या बहिणीने, वत्सलाबाईंनी, त्याला उभा जाळला असता. परतीच्या एसटीत उत्तराने त्याच्या कानात उखाणा रचून म्हटला होता:

*वणीचा गड चढले मी, दमले नाही चढताना,*
*गोविंदराव लाजले नाहीत माझ्या चपला धरताना.*

गोविंद एवढा हसला, की पुढच्या सीटवरच्या म्हातारीने मागे वळून बघितलं. त्याने तो तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतला आणि म्हणाला, "हा मात्र कोणाच्या मंगळागौरीत म्हणू नकोस हं." तिने कधी म्हटला नाही. उखाणा खरं तर चारचौघांत मोठ्याने म्हणायची गोष्ट, पण हा एक तिने अठरा वर्षं मुका ठेवला. जयरामने 'कोणालाच नाही' म्हटलं, तेव्हा त्या कोणात आपला नवरा धरायचा असतो, हे तिच्या मनाला शिवलंच नाही. कोणत्या बाईच्या शिवतं?

घरी आली तेव्हा गोविंद मटार सोलत बसला होता. पाटबंधारे खात्यातली नोकरी, दुसऱ्या-चौथ्या शनिवारी सुट्टी. स्वभावाने गरीब, हौशी, पालेभाजी निवडून देणारा, बायकोचा डबा भरणारा. आळीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण देत.

"आज लवकर? आणि ही एवढी फुलं कशाला?" त्याने विचारलं.

"नवसाबाईची आहेत."

गोविंदच्या हातातली शेंग तशीच राहिली. एवढं तिला पुरे होतं, तरी तिने विचारलं. "माझी फाइल उघडलीत?"

तो नाही म्हणाला असता तर तिने त्याच्याशी भांडण तरी केलं असतं. पण त्याने मान खाली घातली. "आभासाठी," तो म्हणाला.

आभा ही वत्सलाबाईंची मुलगी. तिला इगतपुरीचं स्थळ आलं होतं, मुलगा रेल्वेत, घर चांगलं. पण वत्सलाबाईंना कोणीतरी सांगितलं, की हा मुलगा तुमच्या भावजयीच्या केंद्राच्या जिन्यात दिसला होता. त्यांनी उत्तराला विचारलं, तेव्हा उत्तरा हात जोडून म्हणाली होती, "वन्सं, मी आलेल्याचं सांगत नाही आणि न आलेल्याचंही सांगत नाही." तो विषय तिथे संपला, असं तिला वाटलं होतं.

"ताई रोज फोन करायची," गोविंद म्हणाला. "आई गेल्यावर मला तिने वाढवलं, तुला माहीत आहे. रडायला लागली, म्हणाली पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे. मी काय करणार होतो? तू तर सांगितलं नसतंस."

"नसतंच सांगितलं."

"मुलाचं नाव नव्हतं गं त्यात. तो बिचारा त्याच जिन्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे आला असेल. तेवढं बघून मी बंद करणार होतो. पण खाली येता येता नवसाबाईचं नाव दिसलं. भिमाजीचं, मखमलाबादचं, सगळं बसलं. ताईच्या देवाला तिची फुलं जातात. मी ताईला एवढंच म्हणालो, की तिच्याकडची घेऊ नकोस, आणि का ते कोणाला बोलू नकोस."

"फुलांनी होत नाही तो आजार. तुम्हाला मी किती वेळा सांगितलंय?"

"तोंडातून गेलं. चूक झाली, मान्य आहे."

"आणि चावी?"

गोविंदने पहिल्यांदा वर बघितलं आणि, काय सांगावं, त्याचा चेहरा जरा उजळला. "ती ओळखायला कशाला काय पाहिजे? मला माहीतच होतं, तू दुसरं काही ठेवणार नाहीस. फक्त इंग्रजीत तू कसं लिहिलं असशील ते जमेना. फिरवून फिरवून बघितलं, दोन संध्याकाळी गेल्या. लागलं तेव्हा खरं सांगतो उत्तरा, मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, हिला अजून आठवतंय."

उत्तराने फुलांची पाटी खाली ठेवली. एका क्षणाचा मोह झाला, हात घसरला, असं तो म्हणाला असता तर माणूस आहे म्हणून सोडून दिलं असतं. पण ती देवळात हळदीकुंकवाला गेली असेल, दळण आणायला गेली असेल, आणि हा इथे बसून तिचा उखाणा अक्षर अक्षर फिरवून कुलपाला लावून बघत होता. एकदा नाही, दोन संध्याकाळी. दार फोडून आत शिरतो त्याला लोक चोर म्हणतात, पण याला तर तिने स्वतः घरात घेतलं होतं.

"गळा कापायचाच होता तर असा केसाने नाही, दुसऱ्या कशाने तरी कापायचा होता," ती म्हणाली आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडली.

दुसरे दिवशी सकाळीच ती मखमलाबादला गेली. झेंडूचे वाफे तोडणीवाचून पिवळे-काळे पडलेले. ओट्यावर मनीषाची पिशवी भरून ठेवलेली दिसली. मनीषा आत पोराला न्हाऊ घालत होती. उत्तराने नवसाबाईला विहिरीकडे नेलं आणि काही न लपवता सांगितलं, की तुमचं नाव माझ्याच घरातून गेलं, माझ्या नवऱ्याने नेलं.

नवसाबाई विहिरीच्या दगडावर टेकली. मग म्हणाली, "म्हंजी तुमालाबी घरच्यानंच बुडीवलं."

"मी संस्थेला लेखी कळवते. नोकरी सोडते. तुम्ही म्हणाल ते करते."

"नोकरी सोडून माझ्या पदरात काय पडनार? दुसरी बाई येईल, तिचाबी नवरा असंल." नवसाबाईने पदराने तोंड पुसलं. "माझ्यासाठी एक करता का? खोटं बोला."

"काय?"

"बाजारात चला आन् सांगा, हे खोटं हाय. मनीषासमोर सांगा. तुमी सांगितलं तर ती मानंल, तुमचा लय भरवसा हाय तिला. खऱ्यानं माझं वाटुळं झालं बाई. आता खोट्यानं तरी बघू."

उत्तरा आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती असं नाही, पण खोलीतल्या माणसाबद्दल एक अक्षर खरं किंवा खोटं बोलायचं नाही, हा तिचा धर्म होता. नवसाबाईला तो आजार नाही असं म्हणणं म्हणजे तिच्याबद्दल बोलणंच. विहिरीच्या काठावर ती विचार करत उभी राहिली. घरात मनीषा पोराला पावडर लावताना काहीतरी गुणगुणत होती, ते ऐकू येत होतं. मग तिच्या डोक्यात आलं, की नवसाबाईबद्दल बोलायची गरजच नाही. दुसऱ्याच माणसाबद्दल बोलायचं.

"मनीषाला म्हणावं, पिशवी राहू दे आणि पाटी घेऊन चल," ती म्हणाली.

फुलबाजार भरात होता. नवसाबाईची पाटी मध्ये आणि दोन्हीकडे मोकळी जागा, अंगण सारवून सोडावं तशी. उत्तरा बाजूला उभी राहिली. वत्सलाबाई नेहमीच्या वेळेला परडी घेऊन आल्या, मंगलाबाईकडे वाकल्या, आणि उत्तराने त्यांना मोठ्याने हाक मारली.

"वन्सं! नवसाबाईबद्दल तुम्हाला कोणी सांगितलं?"

बाजार असा गप्प झाला, की वजनाचा काटा आपटलेला ऐकू आला. वत्सलाबाई चपापल्या. "अगं, इथे काय हे? हळू बोल."

"इथेच पसरलं, म्हणून इथेच विचारते. कोणी सांगितलं?"

"गोविंदाने. आणि त्याला तूच सांगितलं असशील."

"मी सांगितलं नाही. या आयाबायांसमोर, देवीची शपथ घेऊन सांगते, मी घरात कधी कोणाचं नाव काढलेलं नाही. माझ्या कामातली नावं कॉम्प्युटरमध्ये कुलपात असतात. ते कुलूप असं आहे, की ज्याने बसवलं त्यालाही उघडत नाही. जगातली सगळी मशीनं लावली तरी उघडत नाही. कॉलेज रोडला जाऊन त्या मुलाला विचारा. मग यांना कळणार कुठून?"

इथवर एकेक शब्द खरा होता. उत्तराने श्वास घेतला.

"कळलंच नाही. माझा नवरा खोटं बोलला."

"गोविंदा खोटं कशाला बोलेल?"

"तुम्ही मागे लागला होतात, आभाच्या स्थळाची चौकशी करून दे म्हणून. ते इगतपुरीचे..."

"अगं, पुरे, पुरे!" वत्सलाबाईंनी तिचा दंडच धरला. लग्न ठरत आलेलं, सासरचे लोक एका हाकेवर, आणि आपण जावयाची रक्ताची चौकशी केली हे भर बाजारात निघालं तर? बाई हुशार होत्या. एका क्षणात त्यांनी हिशेब केला आणि सख्ख्या भावाला सोडून दिलं. "असेल बाई, असेल. गोविंदाला लहानपणापासून खोडच आहे, माहीत नसलं तरी काहीतरी ठोकून द्यायची. मी आपली भोळी, विश्वास ठेवला." आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दे गं नवसाबाई, अर्धा किलो दे. आज चतुर्थी आहे."

नवसाबाईला काटा धरवेना. मनीषाने तो तिच्या हातून घेतला आणि फुलं तोलून वत्सलाबाईंच्या परडीत टाकली. मग सासूच्या पाठीमागे जाऊन बसली, अगदी चिकटून.

मनीषा नांदगावला गेली नाही. सगळा बाजार काही परत आला नाही, दोन-चार गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच, पण मंगलाबाईने गोणपाट होतं तिथे आणून टाकलं.

गोविंदच्या वाट्याला जे यायचं ते आलं. ऑफिसात कोणी काही सांगितलं, की दुसरा डोळा मारून विचारायचा, "गोविंदराव, हे खरं की बाजारातलं?" थोरल्या भावाने बोलावून विचारलं, तू असली थाप मारलीस? गोविंद हो म्हणाला. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण नाही म्हटलं तर बायकोची फाइल चोरून उघडली हे सांगावं लागलं असतं. घरी येऊन तो उत्तराजवळ बसला.

"भावाजवळ मी कबूल केलं, थाप मारली म्हणून," तो म्हणाला. "तुझ्यासाठी. आता तरी नीट बोलशील का माझ्याशी?"

"बोलते की," उत्तरा म्हणाली. आणि बोलतही होती. गॅसचा नंबर लावला का, दूध नासलं, पाण्याची मोटर चालू राहिली, हे सगळं ती बोलत होती.

फाइलला नवी चावी घालायला जयराम केंद्रावर आला, तेव्हा त्याने विचारलं, "मॅडम, वाक्य काढलंय का एखादं?" उत्तरा म्हणाली, वाक्य नको. असं काही द्या, ज्याचा माझ्याशी काही संबंध नाही. मग जयरामने बाहेर खेळणाऱ्या पोरांकडून लुडोचा फासा मागून आणला. फासा टाकत गेला आणि पडेल त्या आकड्यावरून अक्षर घेत गेला. ना आगा ना पिछा, तोंडात न बसणारी नुसती अक्षरं. कागदावर ठेवायची नाहीत, पाठ करून कागद फाडायचा, असं त्याने बजावलं.

ती पाठ व्हायला तिला बरेच दिवस लागले. संध्याकाळी पोळ्या लाटताना ती अक्षरं घोकायची, पाढे घोकावेत तशी, ओठांतल्या ओठांत. असंच एकदा ती घोकत असताना गोविंद पाणी प्यायला आत आला.

"काय म्हणतेयस?" त्याने विचारलं.

उत्तराने ओठ मिटले. पोळी तव्यावर टाकली, उलटली. गोविंद भांडं हातात घेऊन जरा वेळ उभा राहिला, पाणी प्यायला, भांडं पालथं घातलं आणि बाहेर गेला. तो पलंगावर बसल्याचा आवाज आल्यावर तिने पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली.